एमजीबीमध्ये रोटरी इंजिन: आधी उष्णतेची सोय, मग फाउंडेशन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात 1971ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची उघड्या टपाची गाडी आहे. तिचं मूळ 1798 सीसी इंजिन वडिलांच्या हातात गाडी येण्याआधीच गेलं होतं, जागी ॲम्बेसेडरचं 1489 सीसी पेट्रोल बसवलेलं आहे आणि आता तेही थकलंय. एका इम्पोर्टरकडे जपानहून आलेलं माझदाचं 12ए रोटरी इंजिन (ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) गिअरबॉक्ससकट मिळतंय. ते बसेल का, इंदूरच्या उन्हाळ्यात टिकेल का, आणि त्याऐवजी माझदाचंच मोठं 13बी टर्बो मिळालं तर ते घ्यावं का?

बसेल, आणि छान बसेल. पण तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींपैकी खरा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे, उन्हाळ्यात टिकण्याचा. रोटरी बसवणं म्हणजे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत उष्णतेचा कारखाना नेऊन ठेवणं. त्या उष्णतेला बाहेर पडायला वाट आधी करायची, इंजिन नंतर आत सोडायचं. हा क्रम उलटा झालेली गाडी मला आजवर कधी धड चाललेली दिसलेली नाही. मस्कतला गॅरेजमध्ये काम करत होतो तेव्हा माझदाच्या रोटरीवाल्या आरएक्स-7 गाड्या रोजच्या होत्या, आणि तिथलं ऊन इंदूरच्या नवतप्यापेक्षा (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांपेक्षा) कमी नाही. पुढे जे लिहितोय ते त्या अनुभवावरून आणि सांवेर रोडवरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये जुन्या ब्रिटिश गाड्यांवर केलेल्या कामावरून.

पैसे देण्याआधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे: नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. वयाने तुमची गाडी त्यात बसते. पण तिथे अट मूळ रूपाची आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात धरत नाहीत. शिवाय ती नोंदणी रोज फिरवण्यासाठी नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरती आहे. तुमच्या आरसीवर आज कुठला इंजिन नंबर आहे? मूळ 1798चा असेल तर ॲम्बेसेडरचं इंजिनही कागदावर चढलेलं नाही, आणि तो गुंता आधी सोडवावा लागेल. रोटरीसाठी आरटीओत लेखी विचारा. परवानगी मिळणं अवघड आहे आणि ती नसेल तर विमाही हात वर करतो. अशा वेळी गाडी ट्रेलरवरून नेऊन खासगी ट्रॅकवर चालवायची, एवढाच मार्ग उरतो. तो मान्य नसेल तर 12एचा नाद सोडा आणि चांगलं 1798 शोधा. ते ॲम्बेसेडरच्याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातलं आहे, म्हणून तर आपल्या मिस्त्र्यांनी त्या काळी ही अदलाबदल इतक्या सहज केली. इंदुरात त्या इंजिनाचं बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारे हात आजही आहेत.

उद्या 1798 कडे परत यायची वेळ येऊ शकते, म्हणून एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: मूळ गाडीचा पत्रा कापायचा नाही, क्रॉसमेंबरला गॅस कटर लावायचा नाही. जे काही नवं येईल ते नटबोल्टवर यायला हवं. एमजीबीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. एकदा कापलेली बॉडी पुन्हा सरळ करणं इंजिन बसवण्यापेक्षा कठीण आहे. फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या आधाराच्या, ब्रॅकेट आणि क्रॉसबीम आधी पुठ्ठ्यात, मग पातळ पत्र्यात करून बघा आणि शेवटी जाड प्लेटमधून लेझर कटिंगने काढून घ्या. पीथमपूरला गाड्यांच्या कंपन्यांचं जॉबवर्क करणारे लोक आहेत. ड्रॉइंग नीट दिलं तर दोन ब्रॅकेटचं कामही करून देतात.

आता इंजिनाकडे वळू. 12ए म्हणजे 573 सीसीचे दोन रोटर, एकूण 1146 सीसी. आकडा लहान वाटतो, पण रोटरीत प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेरीला एकदा पेट घेतो, म्हणून काम ते जवळपास दुप्पट सीसीच्या फोर-स्ट्रोकएवढं करतं. आरएक्स-7 मधलं सुरुवातीचं अमेरिकी 12ए 6,000 आरपीएमला 100 हॉर्सपॉवर द्यायचं. एमजीबीचं मूळ इंजिन 95 हॉर्सपॉवरचं. म्हणजे ताकदीत फार मोठी उडी नाही. फरक पडतो तो वजनात आणि स्वभावात. बी-सिरीज अख्खं बिडाचं, लांब आणि उंच. रोटरी आखूड आणि बुटकं, त्यामुळे ते फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीकडे) बरंच मागे सरकवता येतं. नाक हलकं होतं, स्टिअरिंग फिरवायला सोपं जातं. पुढची बाजू थोडी वर उचलली जाते, तेव्हा स्प्रिंगा नंतर बघाव्या लागतात. खालच्या आरपीएमला मात्र मूळ इंजिन जास्त जोरकस होतं: सुमारे 149 न्यूटन-मीटर टॉर्क 3,000 लाच. 12ए साधारण 142 देतं आणि तेही 4,000 वर. टॉप गिअरमध्ये राजवाड्याच्या गर्दीतून रांगायची सवय असेल तर ती बदलावी लागेल.

आणि आखूड इंजिनाचा सगळ्यात मोठा फायदा जागेचा नाही, हवेचा आहे. रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. तिचा उपयोग कसा करता, त्यावर बाकी सगळं ठरेल.

रोटरी इतकं का तापतं, ते समजून घ्या. पिस्टन इंजिनात त्याच सिलिंडरात आधी गार मिश्रण येतं, मग स्फोट होतो, सगळी भिंत आलटूनपालटून गार-गरम होते. रोटरीत स्फोट कायम हाऊसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या आवरणाच्या, एकाच बाजूला होतो आणि गार मिश्रण कायम दुसऱ्या बाजूने येतं. एक बाजू सतत भाजत असते, दुसरी सतत गार. त्यात हाऊसिंग ॲल्युमिनियमची, मधल्या आणि टोकाच्या प्लेटा बिडाच्या, आणि ही सगळी थप्पी लांब बोल्टांनी एकत्र आवळलेली. तापमान मर्यादेबाहेर गेलं की ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, मधली पाण्याची रबरी सील दबतात आणि गार झाल्यावर पूर्ववत होत नाहीत. पिस्टनच्या गाडीत हेड गास्केट गेलं तर हेड उतरवून दोन दिवसांत काम उरकतं. इथे अख्खं इंजिन बाहेर काढून शेवटच्या प्लेटपर्यंत उघडावं लागतं. एकदा काटा लाल रेघेवर गेला, मग थांबलो, पाणी ओतलं आणि घरी आलो, हे ॲम्बेसेडरला चालतं, रोटरीला चालत नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. रोटर आतून तेलाने गार होतात. म्हणजे उष्णतेचा मोठा वाटा पाण्यातून नाही तर तेलातून बाहेर येतो, आणि ऑइल कूलर ही इथे चैन राहत नाही. इम्पोर्टरला विचारा की इंजिन कुठल्या सालच्या गाडीतलं आहे. 1979 ते 1982 च्या आरएक्स-7 मध्ये समोर हवेने गार होणारा चांगला मोठा ऑइल कूलर होता. 1983 ते 1985 च्या 12एला माझदाने ऑइल फिल्टरजवळ पाण्यावर चालणारा छोटा कूलर दिला, ज्याला परदेशातले लोक मधमाश्यांचं पोळं म्हणतात. तो इंजिनावर दिसला तर काढून ठेवा. ज्या पाण्याने इंजिन गार करायचं त्याच्याच अंगावर तो तेलाची उष्णता टाकतो, आणि 43 अंशांच्या दुपारी पाण्याला तेवढी सवड नसते. समोर हवेचा कूलर लावा. एमजीबीचा स्वतःचा जुना ऑइल कूलर याला पुरत नाही.

रेडिएटर ॲल्युमिनियमचा, आडव्या प्रवाहाचा, ग्रिलच्या रुंदीत बसेल तेवढा मोठा घ्या. जाडीवर फार भर देऊ नका, कारण जाड रेडिएटरच्या मागच्या भागापर्यंत हवा आधीच तापून पोचते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ग्रिलमधून आलेली हवा रेडिएटरमधूनच गेली पाहिजे, बाजूने पळून जाता कामा नये. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली पत्र्याचं बंदिस्त नळकांडं करा, फटी रबर पट्टीने बुजवा. हाताचा पंजा कुठूनही आत जात असेल तर ते अजून झालेलं नाही असं समजा. आणि गरम हवेला बाहेर जायला खालच्या बाजूने मोकळी वाट ठेवा. ऑइल कूलर रेडिएटरच्या तोंडासमोर टांगू नका, त्याला त्याची वेगळी हवा द्या. पंखे दोन, इलेक्ट्रिक, मागून ओढणारे, पूर्ण आच्छादनासह. मोठे पंखे लावून खराब नळकांडं झाकता येत नाही, ते फक्त ट्रॅफिकमध्ये उपयोगाचे आहेत.

थर्मोस्टॅटबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. मस्कतला एक गाडी आमच्याकडे आली. रेडिएटर नवा, पंप नवा, पंखे नवे, तरी हायवेवर दहा मिनिटांत काटा चढायचा. मालक तीन ठिकाणी जाऊन आलेला. थर्मोस्टॅट बाहेर काढला तर तो त्या मापाचा, पण दुसऱ्याच गाडीचा होता. माझदाच्या थर्मोस्टॅटला खाली आणखी एक गोल चकती असते. तो उघडला की ती चकती बायपासचं भोक बंद करते. साध्या थर्मोस्टॅटला ती नसते, मग बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच जातं. चकतीवाला बसवल्यावर तीच गाडी त्याच रस्त्यावर शांत चालली. आपल्याकडचे काही मिस्त्री उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. रोटरीत तसं केलं तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि उलटाच परिणाम होतो. तेव्हा इंजिनाबरोबर माझदाचा थर्मोस्टॅट मागवा, आणि एक जादाचा ठेवा.

डॅशबोर्डवर पाण्याचं आणि तेलाचं तापमान आकड्यांत दाखवणारे दोन वेगळे काटे हवेत, शिवाय पाणी कमी झालं की वाजणारा बझर. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. पाणी गळून गेल्यावर तो वाफेचं तापमान दाखवतो, काटा खाली असतो आणि इंजिन आत भाजत असतं. बझर ती वेळ येऊ देत नाही.

आता इम्पोर्टरकडचं इंजिन. ‘जपानहून आलंय, कमी चाललंय’ या वाक्याला काही अर्थ नाही. माझदाची रोटरी गाडी आपल्याकडे कधी विकलीच गेली नाही. इथे माझदा म्हटलं की लोकांना स्वराज माझदाचा ट्रक आठवतो. त्यामुळे बघणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नाही आणि विकणाऱ्याला त्याची गरज वाटत नाही. तुम्ही स्वतः कॉम्प्रेशन तपासा. गिअरबॉक्स लागलेला आहे, म्हणजे सेल्फला बॅटरी देऊन जमिनीवरच इंजिन घुमवता येईल.

प्रत्येक रोटरला तीन बाजू, म्हणजे दोन रोटरचे मिळून सहा आकडे. साधा कॉम्प्रेशन गेज तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो आणि तुटलेला कोपरा लपवतो. गेजमधला एकेरी व्हॉल्व्ह काढून टाका, गेज ट्रेलिंग प्लगच्या (प्रत्येक रोटरच्या दोन प्लगांपैकी वरच्या) भोकात लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काट्याकडे बघत सेल्फ मारा. काटा तीन सारख्या उड्या मारायला हवा. माझदाच्या हिशोबाने 250 आरपीएमला नवं इंजिन दर चौरस सेंटिमीटरला 8.5 किलोच्या आसपास दाखवतं, 6 किलोच्या खाली गेलं तर ते उघडावं लागणार, आणि एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये दीड किलोपेक्षा जास्त फरक नको.

गेज हाताशी नसेल तर कानाने करा. प्लग काढून, पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवा. दुसऱ्या दिशेने फिरवू नका. शाफ्टच्या तीन फेऱ्यांत एक रोटर एकदा फिरतो, तेवढ्यात प्लगच्या भोकातून तीन फुत्कार यायला हवेत. लोहा मंडीजवळच्या एका गोदामात लाकडी पॅलेटवर ठेवलेलं असंच एक इंजिन आम्ही फिरवत होतो. फुस, फुस, आणि मग नुसताच श्वास सोडल्यासारखा आवाज. माझ्या बरोबरचा पोरगा कान लावून बसला होता, म्हणाला, “भिया, दो तो बराबर हैं, तीसरा गायब है.” एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवला, टॉर्च मारली आणि तो कोपरा भोकासमोर आणला. ॲपेक्स सीलचं, म्हणजे रोटरच्या कोपऱ्यावरच्या सीलचं, टोक तुटलेलं दिसत होतं, आणि हाऊसिंगच्या चकचकीत भिंतीवर त्या तुकड्याने ओढलेली रेघ. ते इंजिन बाहेरून नुकतंच धुऊन रंगवलेलं होतं.

एक्झॉस्टच्या भोकातून एवढं तुम्हालाही बघता येईल. पातळ लाकडी काडीने प्रत्येक ॲपेक्स सील हलकेच आत दाबा, ती स्प्रिंगवर परत यायला हवी. अडकलेली असेल तर कार्बनने चिकटलेली आहे, त्यावर उपाय आहे. भिंतीवर आडव्या लाटांसारख्या खुणा किंवा उडालेला क्रोम दिसला तर उपाय नाही, हाऊसिंगच बदलावी लागते. रोटरीच्या जन्मापासूनचं हे दुखणं आहे. जर्मनीत फेलिक्स वांकेल आणि एनएसयू कंपनीने हे इंजिन उभं केलं. माझदाने ते घेतलं तेव्हा भिंतीवरच्या त्या ओरखड्यांना तिथले इंजिनीअर सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनिची यामामोटो यांच्या चमूने सीलचं द्रव्य आणि घडण बदलत नेली, तेव्हा कुठे 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. आजही इंजिन घेताना नजर पहिली त्याच भिंतीवर जायला हवी.

आणखी एक बघा: ते इंजिन ऑटोमॅटिक गाडीतलं होतं का? दोन रोटरचा तोल मागच्या वजनावर सांभाळलेला असतो. मॅन्युअलमध्ये ते वजन फ्लायव्हीलमध्येच असतं आणि ते त्या सालच्या रोटरशी जुळणारं हवं. दुसऱ्या इंजिनाचं फ्लायव्हील बसतं, पण चालत नाही. ते काढायला 54 मिलिमीटरचा नट आहे, त्याचा सॉकेट आधी करून घ्या, छिन्नी-हातोड्याने तो सोडवू देऊ नका.

एक्झॉस्ट. रोटरीचा धूर पिस्टन इंजिनाच्या धुरापेक्षा बराच गरम निघतो आणि बाजारातला साधा सायलेन्सर आतून जाळून टाकतो. जाड भिंतीचं स्टेनलेस वापरा, एकापुढे एक दोन सायलेन्सर लावा, नाहीतर आवाज असह्य होतो. 12एमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला येतात आणि प्लग दुसऱ्या बाजूला. त्यामुळे पाइपच्या वाटेत स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकची नळी, सेल्फ यांपैकी काय येतंय ते इंजिन लटकवून ठेवलेलं असतानाच ठरवा. पाइप आणि फूटवेल (पाय ठेवायची जागा) यांच्यात हवेची फट ठेवून उष्णतारोधक पत्रा लावा. मे महिन्यात क्लचवर पाय ठेवता आला पाहिजे.

गिअरबॉक्स माझदाचाच ठेवा. प्रोपेलर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) नव्या लांबीचा करून मशीनवर बॅलन्स करून घ्या. एमजीबीच्या एक्सलचा रेशो 3.909 आहे आणि पहिल्या आरएक्स-7 च्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांचाही तोच, तेव्हा तिथे काही बदलायचं नाही. फक्त इंजिनाबरोबर कुणी एक्सलही बदललेला नाही ना, ते बघा: मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, गिअर न्यूट्रल. वरचं चाक दोन पूर्ण फेऱ्या फिरवलं की प्रोपेलर चारला जरा कमी फिरायला हवा. टॅकोमीटर मूळचाच चालतो. चार सिलिंडरचं इंजिन दर फेरीला दोन ठिणग्या देतं, दोन रोटरचंही तेवढ्याच.

तेल आणि पेट्रोल. रोटरी तेल जाळतं, ते जाळायलाच बनवलेलं आहे. छोटा मीटरिंग पंप इंजिनाचं तेल ज्वलनाच्या कप्प्यात सोडतो, त्यावर ॲपेक्स सील घसरतात. दोन हजार किलोमीटरला लिटरभर तेल गेलं तर घाबरू नका, अजिबात गेलं नाही तर घाबरा आणि पंप तपासा. मी 20डब्ल्यू50 मिनरल वापरतो, आणि शिवाय दर 10 लिटर पेट्रोलमागे 40 मिलिलिटर कमी राखेचं चांगलं टू-स्ट्रोक तेल टाकीत मिसळतो. पंप काढून टाकला असेल तर 80. आजच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं. नळ्या सगळ्या बदला, जेट एक-दोन मापांनी वाढवा. पातळ मिश्रण म्हणजे आणखी ताप. शहरात लिटरला सहा-सात किलोमीटरपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

13बी टर्बो घेऊ नका. 13बीचे 1308 सीसी मोहात पाडतात, हे मला कळतं. पण टर्बोने उष्णता आणखी वाढते, इंटरकूलरने (टर्बोची हवा गार करणाऱ्या रेडिएटरने) समोरची हवा अडते, आणि एकदा जरी नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) झालं तरी ॲपेक्स सील तुटते. 50 वर्षांच्या बॉडीला आणि मागच्या ड्रम ब्रेकांनाही ती ताकद पेलवणार नाही. टर्बो नसलेलं 13बी चांगल्या कॉम्प्रेशनचं मिळालं तर मी त्याला 12एच्या बरोबरीने धरेन, खालच्या आरपीएमला ते जास्त सुखाचं आहे.

चालवायच्या सवयींपैकी एकच सांगतो: थंड इंजिन चालू करून गाडी दहा फूट हलवून बंद करायची नाही. आत साठलेलं पेट्रोल सीलवरचं तेल धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन पडतं आणि इंजिन पुन्हा घेत नाही. चालू केलं की पूर्ण गरम होऊ द्या, मगच बंद करा.

सगळं जोडून झालं की लगेच लांब जाऊ नका. आधी वर्कशॉपच्या अंगणात, भर दुपारी, अर्धा तास आयडलवर ठेवून दोन्ही काटे लिहून काढा, मग थोडे चढत्या आरपीएमवर. पाणी 95च्या आणि तेल 100 अंशांच्या आत स्थिर राहिलं पाहिजे. कागद हातात असतील तर मग मंडलेश्वरहून महूकडे येताना जाम गेटचा चढ आहे, तो मे महिन्यात तिसऱ्या गिअरमध्ये चढवा. शेजारी कुणाला तरी फक्त काटे वाचायला बसवा. पाणी 105 कडे निघालं तर वर पोचायचा हट्ट न करता रस्त्याच्या कडेला थांबा, इंजिन बंद न करता पंखे चालू ठेवून आयडलवर निवू द्या, आणि घरी आल्यावर रेडिएटरच्या कडेच्या फटी पुन्हा बघायला घ्या.